दोन वाजताचा गोल

ठकूच्या औषधाची वही मी स्वतः आखली होती. पानाला चार रकाने: वेळ, औषध, किती, आणि दिलं की नाही. ती दहा महिन्यांची असताना तिला पहिली फिट आली. तेव्हापासून सकाळी साडेसातला, दुपारी दोनला आणि रात्री नऊला चार मिलिलिटर गुलाबी औषध तिच्या पोटात जायलाच हवं होतं. एकही वेळ चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला बजावायची तशी गरज नव्हती. मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अहवाल वाचून पुढे पाठवायचं काम करते. दुसऱ्याने टाइप केलेल्या आकड्यात टिंब एक घर जरी सरकलं, तरी मला ते लांबून टोचतं. तिथले सगळे मला 'टिंबवाली' म्हणतात, तोंडावर.

सकाळची आणि रात्रीची वेळ माझी, दुपारची मावशींची. मावशी चर्चच्या हॉलमागच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवायच्या. कोणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, त्यामुळे सगळ्यांच्याच होत्या. त्यांना घड्याळ कळायचं, लिहावाचायला येत नव्हतं. म्हणून दोनच्या रकान्यात त्या पेन्सिलीने एक गोल काढायच्या. गोलाचं एक टोक दुसऱ्याला कधी म्हणून भेटलं नाही.

"जन्मात शाळेचं तोंड पाहिलं नाही मी," त्या म्हणायच्या, "आणि आता म्हातारपणी तुझ्या पोरीपायी रोज पेपर सोडवते."

"रोज पास होता की."

"हो गं बाई. शंभरापैकी गोल मिळवून पास होणारी जगात मी एकटीच."

आता माझी एक सवय सांगायला हवी, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. सकाळवर माझा विश्वास नव्हता. सकाळी दूध उतू जातं, नवऱ्याचा मोजा सापडत नाही, बस चुकते. म्हणून मी आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवसाची ओळ भरून ठेवायचे. साडेसात. औषध. चार मिली. दिले. सकाळी वही उघडली की ते 'दिले' माझ्याकडे टक लावून बघायचं आणि माझा हात मुकाट्याने बाटलीकडे जायचा. दीड वर्ष ते एकदाही खोटं ठरलं नाही. ही सवय कोणाला माहीत नव्हती. सांगण्यासारखी वाटलीच नव्हती.

त्या बुधवारी तीन वाजता मला फोन आला. ठकूला पावणेतीनला फिट आली होती आणि ती थांबत नव्हती. मावशींनी तिला उचललं, एका मुलाच्या आईला बाकीच्या पोरांपाशी बसवलं आणि दोन रस्ते ओलांडून त्या धावत दवाखान्यात पोचल्या. मी गेले तेव्हा त्या बाकावर बसल्या होत्या, अनवाणी. एका पायाला काच लागून रक्त आलेलं, त्याच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. फिट थांबायला चाळीस मिनिटं लागली.

डॉक्टर बाहेर आले. "सकाळचं औषध दिलं होतं?"

"हो," मी म्हणाले. मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच वाटत होतं दिलं म्हणून. मावशींनी धावतानाही काखेत धरून आणलेल्या ठकूच्या पिशवीतून वही काढून मी ओळ दाखवली. माझं अक्षर छापल्यासारखं आहे.

"दुपारचं?"

"दिलं हो साहेब," मावशी म्हणाल्या. "दोनच्या ठोक्याला दिलं. तोंड वाकडं केलं तिने, पण गिळलं."

दोनच्या रकान्यात गोल होताच. पण संध्याकाळी रक्ताचा अहवाल आला. औषधाचं प्रमाण असायला हवं त्याच्या निम्मंही नव्हतं. असे कागद वाचायचाच मी पगार घेते, मला कोणी समजावून सांगायला नको होतं. "एक वेळ चुकलीय," डॉक्टर म्हणाले, आणि कोणाकडेच न बघता निघून गेले. बाकी आम्ही सगळे मावशींकडे बघत होतो. मी, माझा नवरा, माझ्या सासूबाई.

"गोल काय," सासूबाई म्हणाल्या, "झोपेतसुद्धा काढता येतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला आणि कपडे न्यायला घरी आले. स्वयंपाकघरात भांडी तशीच पडली होती. ओट्याशेजारच्या खिडकीत साबणाचा डबा उचलला आणि त्याच्यामागे बिनसुईची सिरिंज दिसली. काठोकाठ भरलेली. चार मिली, गुलाबी.

मग आठवलं. औषध भरलं, तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला. कोणत्या तरी रुग्णाचा एक आकडा अडला होता. मी सिरिंज खिडकीत ठेवली, फोन खांद्यात धरला, आकडा दुरुस्त करून दिला, ठकूला बूट घातले आणि निघाले. वहीत 'दिले' होतंच.

मी तिथे किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. पुढे काय केलं ते सांगता येतं. सिरिंज मोरीत रिकामी केली. पाण्याने तीनदा धुतली, उन्हात वाळायला ठेवली, अंघोळ केली, कपडे घेतले आणि दवाखान्यात परत गेले. वाटेत मी स्वतःला सांगत होते, आज रात्री नवऱ्याला सांगायचं. रात्री ठकूने डोळे उघडले आणि तिचा उजवा हात गादीवर पडूनच राहिला. त्या रात्री नाही सांगितलं.

ठकू घरी आली. उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती, उजवा पाय फरफटत होता. आधी तिला अकरा शब्द येत होते. मी ते वहीच्या शेवटच्या पानावर तारखांसकट लिहून ठेवले होते. आता एकही येत नव्हता. काही हवं असलं की ती माझ्याकडे बघायची आणि मला कळेपर्यंत बघत राहायची.

सासूबाईंनी तोपर्यंत चर्चच्या मंडळीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. त्या खोटं काही बोलत नव्हत्या. सुनेने वहीत लिहिलंय, रक्तात औषध नव्हतं, आणि त्या बाईला वाचता येत नाही, एवढंच. त्यांना बोट दाखवायचीसुद्धा गरज पडली नाही. नऊ मुलांपैकी सात मुलांचे आईबाप पंधरा दिवसांत दुसरीकडे गेले. चर्चच्या कमिटीने ठरवलं, ईस्टर झाला की खोल्या रिकाम्या करून घ्यायच्या. पाळणाघर गेलं की मावशींचं घरही जाणार होतं. आतल्या खोलीत मुलं झोपत आणि रात्री तिथेच त्या.

मी एक वाक्य बोलले असते तर हे सगळं थांबलं असतं. ते वाक्य रोज तोंडापर्यंत यायचं. आई झाल्यापासून माझ्याजवळ स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, की मी काही विसरत नाही. सासूबाई त्यावरून टोमणे मारायच्या, "शिकलेल्यांचं सगळं वहीत, डोक्यात काही नाही." नवरा चारचौघांत कौतुक करायचा, "हिच्या हातून चूक? शक्यच नाही." ते गेलं असतं तर माझं काय उरलं असतं, हे मला कळत नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, म्हणता म्हणता चाळीस दिवस गेले.

मावशी दर दोन दिवसांनी यायच्या. सासूबाई त्यांना आत घ्यायच्या नाहीत. मावशी जिन्यातूनच विचारायच्या, "हात उघडला का गं तिचा?" मी म्हणायचे, "नाही अजून." "उघडेल," त्या म्हणायच्या आणि कठडा धरून उतरायच्या. आधी त्या दर वेळी म्हणायच्या, "पोरी, मी दिलं होतं गं." मग हळूहळू ते म्हणणं थांबलं. मला वाटलं, थकल्या.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या चर्चमध्ये बारा ते तीन उपासना असते. आमच्याकडची एक रीत आहे. समोर जमिनीवर रंधा न मारलेल्या दोन फळ्यांचा वधस्तंभ आडवा ठेवतात, बाजूला हातोडी आणि खिळ्यांचं खोकं. प्रत्येकाला एक चिठ्ठी देतात. आपलं पाप लिहायचं, घडी घालायची, पुढे जाऊन स्वतःच्या हाताने ठोकायची. कोणी कोणाची चिठ्ठी वाचत नाही. उपासना संपली की पाळकसाहेब मागच्या अंगणात पत्र्याच्या पिंपात सगळ्या चिठ्ठ्या जाळतात. लहानपणापासून मी हे करत आले आहे. दर वर्षी मी लिहायचे, 'चिडचिड', 'मत्सर', एका वर्षी तर 'आळस'.

पाळकसाहेब त्या दिवशी चांगलं बोलले. म्हणाले, "क्षमा म्हणजे 'जाऊ दे' म्हणणं नव्हे. 'जाऊ दे' म्हटल्याने काही जात नाही. केलेलं पाप कुठेतरी राहतंच, ते कोणाला तरी भोगावं लागतं. ज्याने केलं त्याने भोगलं तर त्याला शिक्षा म्हणतात. ज्याने काहीच केलं नव्हतं, त्याने तुमच्याऐवजी ते अंगावर घेतलं. कोणी ढकललं म्हणून नाही. कोणाचं आहे, काय आहे, हे सगळं माहीत असून, स्वखुशीने. हा वधस्तंभाचा अर्थ. ही पापक्षमा."

माझा यावर विश्वास आहे. लहानपणी पाठ केलं म्हणून नव्हे, खरंच आहे. म्हणून तर ते शब्द ऐकताना मी मागे वळून पाहिलं. माझ्याऐवजी भोगणारं निर्दोष माणूस तीन बाकांमागे बसलं होतं. फरक एवढाच, की प्रभूला माहीत होतं तो कोणाचं ओझं उचलतोय. मावशींना माहीत नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

चिठ्ठ्या वाटल्या. मी पेन हातात घेऊन बसले होते, तोच माझा बाक करकरला. मावशी येऊन बसल्या. त्यांच्या आणि माझ्यामध्ये दोन बोटांचं अंतर.

"दर वर्षी पाळकीणबाई लिहून देतात मला," त्या कुजबुजल्या. "यंदा त्यांना कसं सांगू? तू लिहून दे. तुझंच आहे ते."

"माझं?"

"तुझ्या लेकराचं." त्यांनी आपली चिठ्ठी माझ्या मांडीवर ठेवली. "लिही. त्या दिवशी दोन वाजता मी औषध दिलं नाही."



"पण मावशी, तुम्ही तर म्हणत होता..."

"म्हणत होते. खूप दिवस म्हटलं. मग रात्री पडल्या पडल्या बघायला लागले, खरंच दिलं का? कालचं औषध आठवतंय, का परवाचं? रोजचं एकच तोंड, एकच वाकडेपणा. त्या दिवशी एका पोराने ओकारी काढली होती दोनच्या सुमारास. मी ते पुसत होते." त्यांनी पदराने हात पुसले. "आधी गोल काढला असणार मी. विसरायला नको म्हणून. आणि मग द्यायचं राहिलं असणार."

"तुम्ही कधी आधी गोल काढत नाही."

"कधी काढत नाही. त्या दिवशी काढला असेन. एवढी शिकलेली माणसं म्हणतात, डॉक्टर म्हणतात, रक्त म्हणतं. मी एकटी अडाणी काय ते खरं धरून बसले होते. तोही गर्वच की." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तळहात खरखरीत, साबणाने सोललेला. "लिही ना. लोक पुढे जायला लागले."

मी लिहिलं. छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'सकाळचं औषध मी दिलं नाही. ते मी भरून खिडकीत विसरले आणि सापडल्यावर मोरीत ओतलं. मावशींनी दोन वाजता औषध दिलं होतं.' खाली माझं नाव घातलं.

"वाच बघू," त्या म्हणाल्या.

"वाचू?"

"ठोकायच्या आधी ऐकायला नको का? पाळकीणबाई वाचून दाखवतात."

मी कागदाकडे बघत, प्रत्येक शब्दावर बोट फिरवत वाचलं, "त्या दिवशी दोन वाजता मी औषध दिलं नाही. आधी गोल काढला आणि द्यायचं राहिलं. प्रभू, मला क्षमा कर."

"क्षमेचं तूच घातलंस वाटतं," त्या म्हणाल्या. "बरं केलंस."

घडी घालून त्या पुढे गेल्या. गुडघे टेकायला त्यांना वेळ लागला. चार घाव घातले. मी माझी चिठ्ठी कोरीच ठोकली.

तीन वाजता पिंपातून धूर निघाला. पाळकसाहेब काठीने चिठ्ठ्या खालीवर करत होते. मी तिथे गेले नाही. नवऱ्याला म्हणाले, "तू ठकूला घेऊन घरी जा, मी येते," आणि मागच्या खोल्यांकडे वळले.

मावशी मुलांच्या छोट्या चादरींच्या घड्या घालत होत्या. नऊ चादरी, दोन मुलं. भिंतीला टेकवलेल्या गाद्या सुतळीने बांधून झाल्या होत्या.

"मावशी, मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळचं 'दिले', फोन, साबणाचा डबा, सिरिंज, मोरी. मी रडले नाही. रडले असते तर त्यांनी मला जवळ घेतलं असतं, आणि ते मला चाललं नसतं.

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. मग माझ्या तोंडाकडे खूप वेळ बघितलं. मी वाट बघत होते, मारतील, ओरडतील, दाराकडे बोट दाखवतील. चाळीस दिवस मी त्याच क्षणाला घाबरत आले होते. आता तो आला तर पुरे, असं वाटत होतं.

"किती गुणाची गं तू," त्या म्हणाल्या.

"मावशी..."

"मला बरं वाटावं म्हणून एवढं स्वतःवर घेतेस? आईने असं काही अंगावर घ्यायचं नसतं. लागतं ते."

"मी घेत नाहीये. माझंच आहे. मी सिरिंज धुतली, या हातांनी."

"रोजच धुतेस की. त्या तीन दिवसांत तू डोळा मिटला नव्हतास. मला नाही का माहीत, मी त्या बाकावरच होते." त्यांनी माझा पदर नीट केला, मुलांचा सदरा नीट करतात तसा. "तुझ्या हातून औषध चुकेल? दीड वर्ष बघतेय मी तुला. हसायला येतं."

मी त्यांचा हात धरून त्यांना पाळकसाहेबांकडे ओढत नेलं, अक्षरशः ओढत. पाळकसाहेब पिंपावर पाणी मारत होते. माझा नवरा घरी गेलाच नव्हता, ठकूला कडेवर घेऊन माझी वाट बघत उभा होता. मी तिघांसमोर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते पाठ केल्यासारखं वाटायला लागलं, मलाच.

नवरा म्हणाला, "अगं, तू आदल्या दिवशी लिहायचीस, बरं. पण लिहिलं आणि औषध दिलं नाहीस असं दीड वर्षात एकदा तरी झालंय का?"

"त्या दिवशी झालं."

"आणि हे तुला आज आठवलं?"

"आठवलं नाही. लपवलं."

त्याने पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. अहवालात अशक्य आकडा आला की आम्ही एकमेकांकडे तसंच बघतो आणि म्हणतो, नमुना खराब झाला असेल, पुन्हा घ्या.

"ताई," पाळकसाहेब हळू म्हणाले, "आया असं करतात. लेकराला काही झालं की दोष बाहेर सापडला तरी त्यांचं समाधान होत नाही, तो स्वतःत शोधतात. आज उपासनेचाही परिणाम आहे. घरी जा, झोपा."

"मी त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलंय. माझ्या अक्षरात. बघा."

तिघांनी पिंपाकडे पाहिलं. आत काळा चिखल होता.

"त्यांच्या खोल्या काढून घेऊ नका," मी म्हणाले. "मी मंडळीसमोर उभी राहते. सगळ्यांना सांगते."

"नको गं बाई," मावशीच म्हणाल्या. "खोल्या दिल्या तरी आता मला नकोत. काल त्या दोघांना दूध पाजलं आणि पाच वेळा विचारलं, पाजलं का मी? पोरं हसायला लागली. माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही, दुसऱ्यांची लेकरं कशी सांभाळू?"

मला तेव्हा कळलं की खोल्या तर गेल्याच होत्या, पण त्यापेक्षा मोठं काहीतरी मी नेलं होतं, आणि ते परत करायला माझ्याजवळ काही नव्हतं. एका वाक्याने थांबलं असतं, ते चाळीस दिवसांपूर्वी. आता त्या वाक्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं.

मी पाळकसाहेबांना एवढंच विचारलं, "मग मला क्षमा कोण करणार?"

"प्रभूने ती केव्हाच केलीय, ताई."

"कशाची?"

त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"तुम्ही तर म्हणता मी काही केलंच नाही. मग त्याने कशाची क्षमा केली?"

नवरा म्हणाला, "चल आता. ठकूला भूक लागलीय."

तसं तर उत्तर मला माहीत होतं. त्या सकाळी मोरीपाशी मी एकटी नव्हते, असं माझा विश्वासच सांगतो. सगळ्या जगात एकच जण आहे जो मला 'तू गुणाची' म्हणणार नाही. ज्याने ते चार मिली मोरीत जाताना पाहिलं आणि तरीही ते आपल्यावर घेतलं. यावर टेकून उभं राहता यायला हवं. मी रोज प्रयत्न करते. अजून तरी फक्त पाहिल्याचं तेवढं खरं वाटतं, पुढचं नाही.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. हातात एक पिशवी, पाठीवर एक बोचकं. त्या भाचीकडे राहायला चालल्या होत्या, दुसऱ्या गावाला. भाचीच्या घरी त्यांना पायऱ्या पुसायच्या होत्या आणि झाडांना पाणी घालायचं होतं. "झाडं विचारत नाहीत, पाणी दिलं का म्हणून," त्या हसून म्हणाल्या.

सासूबाईंनी त्या दिवशी दार पूर्ण उघडलं. "या, आत या," त्या म्हणाल्या. "आम्ही मनात काही ठेवलेलं नाही. प्रभूने माफ करायला सांगितलंय, आम्ही तुम्हाला माफ केलं."

"आई," मी म्हणाले, "कोणाचं चुकलं ते मी सांगितलंय तुम्हाला."

"तू गप्प बस. डॉक्टरांनी तुला झोपेच्या गोळ्या दिल्यात त्या घेतल्यास का?"

मावशींना त्या माफीशी काही घेणं नव्हतं. "मोठ्यांची झाली," त्या म्हणाल्या. "जिची मागायची ती कुठाय?"

ठकू आतल्या दाराची चौकट धरून उभी होती. मावशींनी बोचकं उतरवलं, भिंतीला हात लावून एक गुडघा टेकला, मग दुसरा. आता त्यांचं तोंड ठकूच्या तोंडासमोर आलं.

"ठकूबाई," त्या म्हणाल्या, "माझं चुकलं गं. तुझा हात, तुझं बोलणं, सगळं माझ्यापायी. मला माफ करशील?"

"मावशी, उठा," मी म्हणाले. "उठा ना. तुम्ही काही केलेलं नाही."

त्यांनी मान वळवली नाही. ठकू त्यांच्याकडे बघत राहिली. कळेपर्यंत बघत राहायची, तशी. मग तिने चौकट सोडली आणि पाय ओढत चार पावलं गेली. डावा हात त्यांच्या गळ्यात टाकला आणि त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकवून उभी राहिली. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत ती कोणाकडेही आपणहून गेली नव्हती. माझ्याकडेही नाही.

मावशींचे डोळे मिटले होते. सगळ्या चेहऱ्यावरून कोणीतरी ओला हात फिरवावा, तसा तो सैल झाला. "गेलं," त्या म्हणाल्या. "बघ पोरी, गेलं सगळं."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. "मावशी, शेवटचं सांगते, ऐका. तुम्ही दोन वाजता औषध दिलं होतं."

"तेच तर," त्या माझा गाल कुरवाळत म्हणाल्या. "प्रभूने धुतलं की असंच होतं. केलंच नव्हतं असं."

त्या माझ्याकडे बघत होत्या आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती. मला अजून एक वाक्य बोलता आलं असतं. ते बोलले असते तर त्यांनी मानलं नसतं, किंवा मानलं असतं आणि हेही गेलं असतं. माझ्यासाठी बोलायचं की त्यांच्यासाठी गप्प राहायचं, आणि गप्प राहिले तर ते पुन्हा माझ्याचसाठी असेल का, हे मला कळेना. मी त्यांचं बोचकं उचलून त्यांच्या पाठीवर दिलं.

जिन्यात त्यांची पावलं एका मजल्यापर्यंत ऐकू आली, मग खालच्या दाराचा आवाज. ठकू उंबऱ्याशी बसून जिन्याकडे बघत होती. "चल बाळा, आत," मी म्हणाले आणि दोन्ही हात पुढे केले. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, आणि परत जिन्याकडे.

"दार लाव गं," सासूबाई आतून म्हणाल्या. "वारा येतोय."

दार लावता येत नव्हतं. ती मध्ये बसली होती.